दूधराजाचं हिवाळी बिऱ्हाड

जानेवारी उजाडला की भोपाळात सगळ्यांनाच पक्षी आठवतात. रविवारी सकाळी वन विहारच्या रस्त्यावर गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी दिसू लागतात. बोट क्लबकडे नुसतं फिरायला आलेले लोकही क्षणभर थांबून मोठ्या तलावाकडे बघतात. हिमालय ओलांडून आलेली बदकं पाण्यावर डुलत असतात आणि मुलं विचारत असतात, हे कुठून आलं, ते कुठून आलं. भोजतालाला २००२ साली रामसर यादीत जागा मिळाली, त्यामुळे या पाहुण्यांचं आपल्याला कौतुक आहे आणि ते असायलाच हवं.

पण याच दिवसांत आपल्या घरचे कुठे गेलेले असतात, हे मात्र कुणी विचारत नाही.

घरचे म्हणजे दूधराज आणि नवरंग. बारासिंगा, दूधराज आणि वड ही तिकडी इथे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने सामान्यज्ञानाच्या तासाला पाठ केलेली असते. दूधराज हा आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. मराठीत त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात. पूर्ण वयात आलेला नर पांढराशुभ्र, डोकं काळंभोर आणि शेपटीतून निघालेली दोन लांबलचक पिसं. तो झाडाच्या सावलीतून उडतो तेव्हा हवेत कुणी फीत सोडल्यासारखं वाटतं. नवरंग त्याहून बुजरा. आकाराने मैनेहून लहान, अंगावर खरोखरच नऊ रंग मोजता येतील असा, आणि सदा जमिनीवर पाचोळा उलटत बसलेला. पाऊस जवळ आला की केरवा, कलियासोत, रातापानीच्या रानात त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. हे दोघेही उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात इथे घरटी करतात, पिल्लं वाढवतात. थंडीच्या तोंडावर नवरंग इथून निघून जातो आणि दूधराजांपैकीही पुष्कळ जण त्याच वाटेने जातात. जातात ते दक्षिणेकडे, सह्याद्रीच्या दक्षिण टोकापर्यंत आणि समुद्र ओलांडून श्रीलंकेपर्यंत. पन्नास-साठ ग्रॅमचा जीव, रात्रीचा उडतो. दमून एखाद्या शहरात कुणाच्या बाल्कनीत किंवा बागेत उतरलेला नवरंग सापडल्याची बातमी दरवर्षी कुठल्या तरी वर्तमानपत्रात असतेच.

दक्षिणेला उतरल्यावर ते ज्या रानांत हिवाळा काढतात, त्यातला मोठा भाग आज रान नाहीच. तिथे कॉफीचे मळे आहेत.

मी पक्षीतज्ज्ञ नाही. आपल्या मंडळाबरोबर चार सहली केल्या, एवढीच माझी तयारी. कॉफीबद्दलही माझं ज्ञान स्वयंपाकघरातलंच. आपल्या घरांत कॉफी ही चहासारखी रोजची गोष्ट नव्हती. ती प्रसंगाला व्हायची. उपासाच्या दिवशी, रात्री गाण्याची बैठक लांबली की, हळदीकुंकवाला, किंवा कुणी दूरचा पाहुणा आला की. आटवलेलं दूध, साखर, वरून किसलेलं जायफळ आणि वेलदोड्याची पूड. न्यू मार्केटच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये फेटेवाले वेटर जी कॉफी आणून देतात तिची गोष्ट वेगळी आणि आपली जायफळाची कॉफी वेगळी. तिच्यात मूळ कॉफी किती, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण? एकदा लेकीनेच भिंगातून वाचावं तसं वाचून दाखवलं: कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. कायदाच असा आहे की मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी पाहिजे. म्हणजे उरलेलं जवळजवळ अर्धं पाकीट एका मुळाची भाजून केलेली पूड असू शकतं. चिकोरीत वाईट काही नाही. तिने रंग येतो, दाटपणा येतो. पण आपण कॉफी विकत घेतोय असं समजून अर्धे पैसे दुसऱ्याच गोष्टीचे देतो, हे कळलेलं बरं.

हा सगळा विषय माझ्या डोक्यात शिरला तो कोडगूला गेलो तेव्हा. नाताळच्या सुट्टीत कर्नाटक एक्सप्रेसने बंगळुरू, तिथून गाडीने मडिकेरीच्या बाजूला एका कॉफीच्या मळ्यात मुक्काम. भोपाळहून सरळ रेषेत मोजलं तर बाराशे किलोमीटर होतं. आम्हाला पोचायला दीड-दोन दिवस लागले आणि वाटेत चार वेळा खाणं झालं.

पहिल्याच संध्याकाळी, सहा वाजत आले असतील, अंगणात बसलो होतो. खालच्या उतारावरून दोन सुरांची शीळ आली. थोडं थांबून पुन्हा. लेक म्हणाली, "आई, हा केरवाचा आहे." केरवाला जून महिन्यात पाऊस अंगावर घेत आम्ही तासभर ज्याला शोधलं होतं आणि शेवटी नुसती शीळ ऐकूनच परत आलो होतो, तोच आवाज. तोच पक्षी होता असं कुणी म्हणणार नाही. त्या उतारावरचा नवरंग कुठल्या रानात जन्मला, हे त्यालाच ठाऊक. पण ओळखीचा आवाज परक्या गावात कानावर पडला की जे होतं, ते झालं. मळ्याचे मालक साठीचे गृहस्थ. ते हसले आणि म्हणाले, "हा आमच्या घड्याळासारखा आहे." तमिळमध्ये नवरंगाला 'आरुमणि कुरुवी' म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. दक्षिणेतल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं ते त्याच्या हिवाळी वेळापत्रकावरून, आपण ठेवलं ते त्याच्या रंगांवरून. ज्याला जे दिसलं, ऐकू आलं, ते त्याने ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मळा दाखवला, आणि कॉफीचा मळा म्हणजे चहाच्या मळ्यासारखी कातरलेली हिरवी टेकडी असेल ही माझी कल्पना तिथेच संपली. ते जंगलच होतं. खाली माणसाच्या उंचीची कॉफीची झुडपं, लाल फळांनी लगडलेली. मध्ये पांगारा. वर शिसव, बिवळा, नाणा, फणस, जांभूळ, उंबर. खोडांवर मिऱ्याचे वेल चढलेले. जमिनीवर घोट्याएवढा पाचोळा. नवरंगाला लागतो तो हाच पाचोळा, कारण त्याचं सगळं जेवण त्याखाली असतं: गांडुळं, किडे, वाळवी. दूधराजाला सावलीत बसायला मधल्या उंचीच्या फांद्या लागतात. तिथून तो झेप घेऊन उडता किडा पकडतो आणि परत फांदीवर. धनेशाला आणि हिरव्या कबुतरांना वरचा उंबर लागतो. एकाच मळ्यात तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर वेगळं बिऱ्हाड.

मग त्यांनी रस्त्यापलीकडचा मळा दाखवला. लांबून तोही हिरवागारच. पण वरची झाडं सगळी एकाच जातीची, सरळसोट, विजेच्या खांबांसारखी ओळीत उभी. सिल्व्हर ओक. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. भराभर वाढतं, मिऱ्याचा वेल त्यावर छान चढतो आणि पैशाची गरज पडली की ते तोडून विकता येतं. देशी झाड तोडायचं तर परवानग्या, पंचनामे, वर्षभराच्या फेऱ्या. सिल्व्हर ओकला ती कटकट नाही. म्हणून एखादा जुना शिसव पडला की त्या जागी नवा शिसव लागत नाही. सिल्व्हर ओक लागतो. झाडं वाचवायला केलेल्या नियमांनीच देशी झाड लावणं शेतकऱ्याला नकोसं केलं, असा हा प्रकार. मालक त्याबद्दल चिडून बोलले नाहीत. शेजाऱ्यालाही त्यांनी नावं ठेवली नाहीत. म्हणाले, "त्याला दोन मुलींची लग्नं करायची होती, त्या वर्षी कॉफीला भाव नव्हता." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा दोन्ही मळ्यांतली कॉफी 'सावलीतली'च. भारतातली जवळजवळ सगळी कॉफी सावलीत वाढते, उघड्या उन्हात नाही. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात 'शेड ग्रोन' लिहिलेलं बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न सावली आहे का हा नाहीच. सावली कुणाची, हा आहे.

जगात इतरत्र हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. १९७० नंतरच्या काळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेत कॉफीवर तांबेऱ्याचा रोग पसरण्याची भीती आणि जास्त उत्पन्नाचा मोह, या दोन्हींपायी हजारो मळ्यांवरची झाडं काढून टाकली गेली आणि उन्हात वाढणाऱ्या जाती लावल्या गेल्या. मग अमेरिकेतल्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की आपल्या अंगणात उन्हाळ्यात गाणारे छोटे पक्षी हिवाळा काढायला जिथे जातात, ती सावलीच गेलीय. त्यातून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने १९९० च्या दशकात 'बर्ड फ्रेंडली' हा शिक्का सुरू केला. त्याच्या अटी कडक आहेत. शेती सेंद्रिय हवी. किमान ४० टक्के सावली हवी. मुख्य झाडं निदान १२ मीटर उंच आणि सगळी मिळून दहापेक्षा जास्त जातींची हवीत. बेडकाचं चित्र असलेला रेनफॉरेस्ट अलायन्सचा शिक्का आपल्याकडेही अधूनमधून दिसतो. त्यात मजूर, पाणी, माती असं बरंच काही येतं आणि ते चांगलंच आहे, पण तो खास पक्ष्यांसाठी केलेला शिक्का नव्हे. आमच्या मालकांकडे यातला एकही शिक्का नव्हता. तपासणीची फी, कागदपत्रं, दरवर्षीचं नूतनीकरण हे सगळं मोठ्या बागायतदाराला परवडतं. दहा-पंधरा एकरवाला म्हणतो, माझी झाडं बघायची तर या, बघून जा.

आपल्याकडचा अभ्यासही आहे, आणि तो मला अमेरिकेच्या गोष्टीपेक्षा जवळचा वाटतो. शार्लट चांग, क्रिती कारंत, पॉल रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या ३४४ कॉफी उत्पादकांशी बोलून आणि ६१ मळ्यांत पक्षी मोजून २०१८ साली निष्कर्ष मांडले. जंगलावर अवलंबून असणाऱ्या ७९ जातींचे पक्षी त्यांना कॉफीच्या मळ्यांत मिळाले. त्यात आपण ज्याला हिंदीत हीरामन म्हणतो तो मोठा पहाडी पोपट होता, करड्या डोक्याचा बुलबुल होता आणि निलगिरीचं रानकबूतरही होतं. (या कबुतराचं शास्त्रीय नाव मुंबईच्या गव्हर्नर एल्फिन्स्टनवरून ठेवलेलं आहे. रेल्वे स्टेशनाचं नाव बदललं, कबुतराचं तसंच राहिलं.) अरेबिकाच्या मळ्यांत पक्ष्यांच्या जाती जास्त, कारण अरेबिकाला दाट सावली मानवते. रोबस्टाला ऊन थोडं जास्त चालतं, म्हणून तिथे झाडं विरळ होतात. पण रोबस्टा काटक असल्यामुळे तिच्यावर कीटकनाशकं कमी मारली जातात आणि फळं खाणाऱ्या काही पक्ष्यांची गर्दी तिथेही चांगली होती. त्यामुळे 'अरेबिका चांगली, रोबस्टा वाईट' इतकं सोपं काही निघत नाही. मला तरी या अभ्यासातली हीच गोष्ट आवडली.

पक्ष्यांचा मळ्याला उपयोग काय, हेही विचारायला हवं, नाहीतर सगळा व्यवहार भावनेचा होतो. कॉफीच्या फळात शिरून बी पोखरणारा एक मोहरीएवढासुद्धा नसलेला भुंगेरा आहे. आपल्याकडे तो १९९० मध्ये निलगिरीत गुडलूरजवळ पहिल्यांदा सापडला आणि नंतर कॉफीच्या मुलखात पसरला. जमैकात अभ्यासकांनी कॉफीची काही झुडपं जाळीने झाकून पक्ष्यांना त्यांच्यापासून दूर ठेवलं, तेव्हा त्या झुडपांवर या किडीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे झाडावर राहणारा भाडेकरू फुकटा नाही, तो काम करतो.

आता कुणी म्हणेल, कोडगू राहिलं बाराशे किलोमीटर लांब, आपल्या इथे काय? तर आपल्या इथेही आहे. बैतूल जिल्ह्यात भैंसदेही तालुक्यात कुकरू नावाचं गाव आहे, सातपुड्याच्या माथ्यावर, महाराष्ट्राच्या सीमेला चिकटून. १९४४ साली मिस फ्लोरेन्स हेंड्रिक्स नावाच्या इंग्रज बाईंनी तिथे १६० एकरांत कॉफी लावली. ती बाग आता वन विभागाकडे आहे. आम्ही मागच्या वर्षी अमरावतीला लग्नाला जाताना वाट वाकडी करून तिथे गेलो. मोठ्या झाडांखाली जुनी, उंच वाढलेली कॉफीची झुडपं, आजूबाजूला कोरकूंच्या वस्त्या, डोंगरावर पवनचक्क्या. सकाळी खूप गार. बागेत शिरलं की बाहेरच्या सागाच्या पिवळ्या, उघड्या रानातून एकदम ओल्या काळोखात आल्यासारखं वाटतं. सीमेपलीकडे चिखलदरा, तिथेही इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. विदर्भातल्या आपल्या नातेवाइकांना चिखलदऱ्याची कॉफी हे शब्द नवीन नसतात.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगते, कारण उत्साहाच्या भरात आपण सगळं एका दोरीत ओवतो. याच सातपुड्यात रानपिंगळा राहतो. जवळजवळ शतकभर तो नामशेष झाला असंच समजत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि नंतर मेळघाटात आणि आपल्या खंडव्याच्या बाजूलाही सापडला. या रानपिंगळ्याला कॉफीच्या दाट सावलीचा काही उपयोग नाही. त्याला कोरडं, मोकळं सागवानी रानच लागतं. उद्या कुणी पक्ष्यांच्या नावाखाली मेळघाटातलं सागाचं रान तोडून कॉफी लावायची म्हणाला, तर ते रानपिंगळ्याच्या मुळावर येईल. कॉफीचा मळा जंगलाची जागा घेऊ शकत नाही. तो जंगल तोडलेल्या जागी जंगलाच्या सर्वांत जवळचा शेजारी होऊ शकतो, एवढंच. आणि तो शेजारी राहील की सिल्व्हर ओकचं लाकूड-कोठार होईल, हे मात्र शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पैशावर बरंचसं ठरतं.

म्हणून आम्ही घरातली कॉफी बदलली. ते सोपं झालं असं समजू नका.

पहिला अडथळा चवीचा. लेकीने ऑनलाइन मागवलेलं पहिलं पाकीट फार हलकं भाजलेलं होतं. तिला त्यात संत्र्याची चव लागली. सासूबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, "ही कॉफी नव्हे, आजारी माणसाला द्यायची पेज आहे." त्यांचं बरोबरच होतं. आपल्या दूध-जायफळाच्या कॉफीला हलकी भाजणी चालत नाही, दुधात ती हरवून जाते. थोडी गडद भाजलेली, जाडसर दळलेली कॉफी घेऊन ती आधी थोड्या पाण्यात उकळून, झाकून, गाळून मग आटवलेल्या दुधात घातली, तेव्हा जमलं. दाटपणासाठी सासूबाईंनी वरून चमचाभर चिकोरी घालून घेतली. चिकोरी वेगळी मिळते. तिला काही कुणाचा विरोध नाही, किती घालायची ते फक्त आपण ठरवायचं.

दुसरा अडथळा पैशाचा. चांगली कॉफी पाव किलोला साडेचारशे-पाचशेच्या पुढे जाते. ऐकल्यावर धक्का बसतो. मग आम्ही हिशेब मांडला. एका कपाला नऊ-दहा ग्रॅम धरले तर पाव किलोत पंचवीस कप, म्हणजे कपाला वीस रुपये. आपली पोरं दहा नंबरला जाऊन एका कॅपुचिनोचे दोनशे देतात तेव्हा बिल कुणी दुर्बिणीतून बघत नाही! आम्ही रोज पिणं थांबवलं आणि आठवड्यातून दोन-तीनदा, पूर्वीसारखी प्रसंगाला कॉफी करायला लागलो. महिन्याचा खर्च आधीएवढाच राहिला.

तिसरा अडथळा सगळ्यांत अवघड: विश्वास. शिक्का नसेल तर खरं कशावरून? यावर आमच्या घरात बरेच वाद झाले आणि शेवटी लेकीने एक पद्धत बसवली. ज्यांची कॉफी घ्यायची त्यांना ती आधी लिहिते. कॉफी कुठल्या मळ्याची, तिथे वरची झाडं कुठली, गेल्या काही वर्षांत किती नवी लावली आणि कुठल्या जातीची. गंमत म्हणजे उत्तरांवरूनच माणूस कळतो. एकाने चकचकीत माहितीपत्रक पाठवलं, त्यात धुकं होतं, डोंगर होते, एका झाडाचं नाव नव्हतं. दुसऱ्याने मळ्यातल्या झाडांची कन्नड नावांची यादीच पाठवली, सोबत लिहिलं की तिसरा भाग सिल्व्हर ओक आहे, हळूहळू बदलतोय. आम्ही त्याची कॉफी घेतली. मला पूर्ण शुद्ध मळ्यापेक्षा खरं सांगणारा मळा चालतो. बंगळुरूची 'ब्लॅक बाझा' ही तर पक्ष्याच्याच नावाने निघालेली कंपनी. छोट्या उत्पादकांकडून कॉफी घेते, त्यात बिळिगिरी डोंगरातले सोलिगा आदिवासीही आहेत. असे आणखीही काही जण आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे. मोठ्या दुकानात मात्र हे प्रश्न कुणाला विचारावेत तेच कळत नाही.

हे सगळं मी मंडळाच्या बैठकीत मांडलं, कारण आपल्या दिवाळी पहाटेला दोनशे माणसांची कॉफी होते. तिथे एका ज्येष्ठ काकांनी विचारलं, "पक्ष्यांसाठी महाग कॉफी प्यायची? त्यापेक्षा तेच पैसे वन विहारला द्या." प्रश्न रास्त आहे. मी एवढंच म्हटलं की काका, देणगी आपण एकदा देऊ आणि विसरू. तो शेतकरी मात्र दरवर्षी ठरवतो, झाड ठेवायचं की विकायचं. त्याच्याकडे आपल्याला दरवर्षीच जावं लागेल. आणि दोनशे कपांनी कोडगूचं रान वाचणार नाही हे मलाही कळतं. चार-पाच शहरांतल्या चार-पाच मंडळांनी मिळून एकाच मळ्याकडून वर्षाची कॉफी घ्यायची ठरवली, तर एका छोट्या मळ्याच्या हिशेबात ती रक्कम दिसेल, असं मात्र मला वाटतं. इंदूर आणि जबलपूरच्या मंडळींशी बोलणं सुरू आहे.

तरुण मंडळींनी यात पुढे यावं असं म्हणते ते एवढ्यासाठी की हे प्रश्न विचारणं तुम्हाला सोपं आहे. फोनवर बोटं चालतात, इंग्रजीत दोन ओळी लिहायला तुम्हाला लाज वाटत नाही, आणि तुमच्यातले निम्मे नोकरीच्या निमित्ताने बंगळुरूलाच आहेत. शनिवार-रविवारी चिकमगळूर, कोडगूला फिरायला जाताच. तिथे गेल्यावर सूर्यास्ताचे फोटो काढून झाले की एकदा वर बघून मळ्यात झाडं कुठली आहेत ते लिहून पाठवा. झाडाचं नाव येत नसेल तर पानाचा फोटो चालेल, ओळखून देणारे आपल्याकडे आहेत.

यंदा दिवाळी पहाटेसाठी पाच किलोची मागणी नोंदवली आहे. घरासाठी कुणाला हवी असेल तर मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर नाव आणि किती ते लिहावं, एकत्र मागवली की पोस्टेज वाचतं. आतापर्यंत एकोणीस घरांनी नावं दिली आहेत. विसावं नाव त्या काकांचं. त्यांनी पुढे कंसात लिहिलं आहे: चिकोरी घालून मिळेल का?